वंशावळीतल्या रिकाम्या जागा

कोणताही जुना कुलवृत्तांत उघडून पाहा. मूळ पुरुषापासून निघालेली वंशवेल पुत्र, पौत्र, प्रपौत्र अशी उतरत जाते. बायका असल्याच तर नवऱ्याच्या नावापुढे कंसात, आणि मुली ‘अमुक गावी दिली’ एवढ्यावर संपतात. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या खापरपणजीचे माहेर कोणते, हे त्यामुळे घराण्याच्या इतिहासात सर्वांत अवघड कोडे होऊन बसते. ते सोडवायला लग्न आणि मृत्यू या दोन प्रसंगांचे कागदच उपयोगी पडतात. मात्र ते कोणाच्या लग्नाचे आणि कोणाच्या श्राद्धाचे पाहायचे, हे आधी कळले पाहिजे.

लग्नाची सरकारी नोंद सापडेल, ही आशा हिंदू घराण्यांनी प्रथम सोडावी. पारशांच्या विवाहांसाठी १८६५चा आणि ख्रिस्ती विवाहांसाठी १८७२चा कायदा झाला. त्यांची नोंदपुस्तके राहिली. हिंदू विवाहाला नोंदीची गरजच नव्हती. मुंबई राज्याचा विवाह नोंदणी कायदा आला तो १९५३ साली. तेव्हा उरतात ते घरचे कागद: देण्याघेण्याची याद, टिपण, कीर्दीतला लग्नखर्च आणि आहेराची यादी. यातही वधूच्या शोधात एक अडचण असते. सासरी तिचे नाव बदलते. माहेरच्या कागदातली गंगू सासरच्या कागदात लक्ष्मी झालेली असते, आणि दोन्ही नावे एकत्र देणारा कागद क्वचितच हाती लागतो.

म्हणून तिच्या लग्नाचे कागद मिळाले नाहीत, तर तिच्या मुलाच्या लग्नाचे पाहावेत. आहेराच्या यादीत वराच्या मामाचे नाव, गाव आणि रक्कम मानाने लिहिलेली असते. वराचा मामा म्हणजे आईचे माहेर. तिच्या स्वतःच्या लग्नाने जे जपले नाही, ते मुलाच्या लग्नाने वीस वर्षांनी लिहून ठेवलेले असते.

हाच न्याय मृत्यूला लागू पडतो. महालयात केवळ वडील, आजोबा, पणजोबा यांचाच उच्चार होत नाही. आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांचाही गोत्रासह होतो. उपाध्यायाच्या किंवा यजमानाच्या पोथीत हे नावांचे टिपण ठेवलेले असते. मुलाच्या श्राद्धाच्या टिपणात आईच्या माहेरच्या तीन पिढ्या मिळतात त्या अशा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्याही जरूर पाहाव्यात. तिथे यजमानाने आपले गाव, भाऊ, मुले स्वतः लिहून दिलेली असतात.

तिथी वाचताना सावध राहावे. सवाष्ण गेलेल्या बाईचे महालयातले श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीला होते. त्यामुळे ‘नवमी’ ही तिच्या मृत्यूची तिथी असेलच असे नाही. ती नवऱ्याआधी गेली, एवढे मात्र त्यावरून कळते. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ ही उपपदेही म्हणून पुराव्यात धरावीत. एका कागदात ‘सौ.’ असलेली बाई पुढच्या कागदात ‘गं. भा.’ दिसली, तर त्या दोन तारखांच्या मध्ये नवरा वारला.

शकाचा इसवी सन करताना ७८ मिळवावेत. जानेवारीनंतर, म्हणजे साधारण पौषापासून फाल्गुनअखेर ७९. शके १७९८चा चैत्र १८७६मध्ये येतो, पण माघ १८७७मध्ये. नुसते ‘धाता नाम संवत्सर’ लिहिले असेल, तर ते शके १७९८ असू शकते आणि शके १८५८ही, कारण संवत्सरांचे चक्र साठ वर्षांनी फिरून येते. अशा वेळी इतर कागदांतल्या पिढ्या मोजूनच निर्णय करावा.

ज्या घरांत उपाध्यायाच्या वह्या, कीर्द किंवा पोथ्या नव्हत्या, त्यांच्यासाठी गावचे जन्म-मृत्यूचे दप्तर हाच मुख्य आधार. त्याला आज गाव नमुना १४ म्हणतात, विदर्भात कोतवाल बुक. जुन्या नोंदी बहुधा मोडीत. तारीख, जात, वय, मृत्यूचे कारण: ताप, पटकी, देवी. वय अदमासाने सांगितलेले असते, ते काटेकोर धरू नये. बाईचे नाव कधी असते, कधी नुसते ‘अमक्याची बायको’. पण त्या ‘अमक्या’च्या नावाला धरून मुलांच्या जन्माच्या नोंदी तपासल्या, की घराची आकृती उभी राहते.

या दप्तरांचे मोल केवळ हौसेपुरते नाही. जात पडताळणीसाठी इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा लागतो, आणि पणजोबाच्या मृत्यूची एक ओळ पणतूच्या शिक्षणाचा निकाल लावू शकते. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींसाठी गावोगावची दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज सर्वांनाच जाणवली.

त्या शोधातही वाट वडिलांकडूनच वर जाते, कारण जात तशीच मोजली जाते. आईकडची वाट कोणतेही कार्यालय मागत नाही. ती शोधायची तर माळ्यावरचा रुमाल सोडून आहेराची यादी आणि महालयाचे टिपण वेगळे काढावे. घरातले वाडवडील सांगू शकतात तोवर त्यातल्या प्रत्येक नावाचे नाते त्यांच्याकडून लिहून घ्यावे.