ट्रायटन: नॉर्टनचा सांगाडा, ट्रायम्फचं काळीज

जुन्या फ्रेममध्ये नवं इंजिन बसवायची हौस नवी नाही मंडळी. १९५०-६०च्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांनी त्याची वेगळी जातच जन्माला घातली: ट्रायटन.

नॉर्टनची फेदरबेड फ्रेम मॅककँडलेस बंधूंची. जेफ ड्यूकने १९५०ची सीनियर टीटी शर्यत तिच्यावरच जिंकली. वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी! त्या काळी छोट्या रेसिंग कारवाल्यांना नॉर्टनचं इंजिन हवं असायचं, पण कंपनी सुटं इंजिन देत नसे. मग अख्खी बाइक घ्यायची, इंजिन काढायचं आणि सांगाडा विकून टाकायचा. त्यात पोरांनी ट्रायम्फचं ट्विन इंजिन बसवलं. १९५९ला ट्रायम्फची ६४९ सीसीची बोनव्हिल आली आणि मग तर काय, चंगळच.

खरी गंमत बसवण्यात आहे. १९६३च्या आधीच्या बोनव्हिलचं इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे. त्यामुळे इंजिन ट्रायम्फचं, गिअरबॉक्स नॉर्टनचा, असंही जमायचं. जाड अल्युमिनियमच्या प्लेटा कापून माउंटिंग करायचं. पण पुढचं-मागचं स्प्रॉकेट एका रेषेत हवं, नाहीतर चेन दात खाते नि एक दिवस तुटते. माझ्या मते निम्मं कौशल्य तिथेच आहे, बाकी पॉलिश.

बुलेटवर प्रयोगाचे बेत आखणाऱ्यांनो, आपल्याकडे इंजिन बदलायला आधी आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर इंजिन नंबरही बदलून घ्यावा लागतो. पाना त्यानंतर उचला.