घरट्याची पाळी

पहाटे ३:३०

गाडी रस्त्याच्या कडेला लावायची आणि वीस मिनिटं चढ चढायचा. जूनमध्ये लँकेशरच्या या डोंगरात रात्र अशी होतच नाही. साडेतीनला पूर्वेकडे फटफटलेलं असतं आणि चंडोल गायला लागलेले असतात. भागाचं नाव फॉरेस्ट ऑफ बोलंड, पण झाडं मोजकीच. इथे ‘फॉरेस्ट’ म्हणजे राजाचं राखीव शिकारीचं रान, हा जुना अर्थ. शिकारीचं रान ते आजही आहे, फक्त मालक बदलले.

रात्रपाळीचे आजोबा तंबूतून बाहेर येतात. निवृत्त पोस्टमन, वय बहात्तर. “दोन वाजता खालच्या रस्त्यावर गाडी थांबली, दिवे बंद केले, दहा मिनिटांनी गेली,” एवढं सांगून ते वही माझ्याकडे देतात. गाडी कुणाची, कशासाठी, कळायला मार्ग नाही. कदाचित कुणी झोपायला थांबलं असेल. पण नंबर लिहून ठेवायचाच.

आठवड्यातले चार दिवस मी दवाखान्यात एक्स-रे काढते. मे ते जुलै उरलेल्या दिवसांपैकी एक इथला. आम्ही स्वयंसेवक पाळीपाळीनं राखतो ते घरटं हेन हॅरियर या शिकारी पक्ष्याचं. ते नेमकं कुठे आहे हे इथेही लिहिणार नाही.

४:५०

नर आला. राखाडी पाठ, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. हेदरच्या झुडपांवरून हातभर उंचीनं, पंख किंचित वर धरून, डोलत डोलत येतो. सासवडच्या माळावर लहानपणी हिवाळ्यात भोवत्या असाच यायचा, ज्वारीच्या शेंड्यांवरून. ती जात वेगळी, मध्य आशियातून येणारी, पण उडण्याची ढब तीच. ती ढब ओळखीची वाटली म्हणून मी पहिल्यांदा या डोंगरावर थांबले.

त्याच्या पायात काहीतरी आहे. तो बारीक आवाज काढतो आणि हेदरमधून मादी सरळ वर उठते. तपकिरी रंग, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. ती त्याच्या खाली येते, हवेतच उताणी होते, पाय वर करते. तो वरून सोडतो, ती हवेतच झेलते. सगळं मिळून दोन सेकंद. दुर्बिणीतून दिसलं ते व्होल, म्हणजे आपल्या शेतातल्या उंदराचा गुबगुबीत भाऊबंद. वहीत लिहिलं: ४:५२, व्होल, झेल नीट.

हे लिहिणं कंटाळवाणं नाही. नर यायचा थांबला तर घरटं संपलं हे आम्हाला माहीत आहे. अंडी उबवताना मादी शिकारीला जात नाही, तो आणेल त्यावर जगते. २०१५ मध्ये याच बोलंडमध्ये अंड्यांवरच्या माद्यांचे नर एकामागून एक नाहीसे झाले आणि उपाशी माद्या अंडी टाकून उठल्या. नराचं प्रेत मिळत नाही. प्रेत नाही म्हणून गुन्हा नाही.

६:०० ते ९:३०

चार खेपा. दोन व्होल, एक तीरचिमणीचं पिल्लू, एक ओळखू आलं नाही. ऊन वाढलं तशी चिलटं डोळ्यांत जायला लागली. थालीपीठ खाल्लं.

१०:१५

चौचाकी मोटरसायकलवरून शेजारच्या इस्टेटीचा गेमकीपर आला. गेमकीपर म्हणजे शिकारीच्या पाखरांचा राखणदार. इथलं पाखरू म्हणजे रेड ग्राउज. तितराच्या घडणीचं, विटकरी रंगाचं, हेदरचे कोंब खाऊन जगणारं. त्याच्यासाठीच हा माणूस थंडी सरताना हेदरचे पट्टे आलटून पालटून जाळतो, म्हणजे कोवळे कोंब येतात. पोटातल्या जंतांसाठी औषध लावलेली खडी जागोजाग ठेवतो. कोल्हे मारतो. १२ ऑगस्टला मोसम सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो. माणसं झेंडे फडकावत ग्राउज उठवतात, बंदूकवाले दगडी आडोशांत रांगेनं उभे असतात. एका बंदुकीच्या एका दिवसासाठी हजारो पौंड मोजले जातात.

तो खाली उतरला, माझ्या दुर्बिणीकडे बघून म्हणाला, “बरी आहेत का?”

“खेपा चालू आहेत.”

“मी हात लावत नाही तुमच्या पक्ष्याला,” तो आपणहून म्हणाला. “पण ऑगस्टात पाखरं कमी उठली तर मालक मला विचारणार, पक्ष्याला नाही. माझं घर इस्टेटीचं आहे. नोकरी गेली की बायकोपोरांसकट बाहेर.”

मी त्याला खोटं पाडू शकत नाही. हेन हॅरियर ग्राउजची पिल्लं खातो, हे आमच्यातल्या काहींना कबूल करायला जड जातं. स्कॉटलंडच्या सीमेवर लँगहोम मूरवर १९९२ ते १९९७ या काळात हे नीट मोजलं गेलं. तिथे शिकारी पक्ष्यांना पूर्ण संरक्षण दिलं, तर हॅरियरच्या माद्या दोनाच्या वीस झाल्या. उन्हाळ्यात ग्राउजच्या पिल्लांपैकी ३७ टक्के त्यांनी नेली. तिथली हाकाऱ्याची शिकार बंद पडली आणि राखणदारांच्या नोकऱ्या गेल्या. राखणदार गेल्यावर कोल्हे वाढले आणि हॅरियरही पुन्हा मोजकेच उरले, कारण त्यांचंही घरटं जमिनीवरच असतं. म्हणजे समोर उभ्या असलेल्या या माणसाच्या कामाचा फायदा माझ्या पक्ष्यालाही आहे. जमिनीवरच घरटं करणाऱ्या, आपल्या टिटवीच्या इथल्या बहिणीलाही आहे. वर आत्ता तीच ओरडत होती.

पण त्याच लँगहोमला १९९८ आणि १९९९ मध्ये घरट्यांजवळ खांब रोवून त्यांवर हॅरियरसाठी उंदीर आणि कोंबडीची एका दिवसाची पिल्लं ठेवली. त्या घरट्यांवर ग्राउजची पिल्लं येणं ८६ टक्क्यांनी घटलं. मी हे त्याला सांगितलं.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “पण ते उंदीर पहाटे उठून कोण टाकणार? आणि खायला घातलं की पुढच्या वर्षी आणखी येणार.”

“आले तर?”

त्यानं उत्तर दिलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, की पश्चिमेकडच्या वाटेवर दगड निसटलाय, उतरताना जपा.

११:३०

आईचा फोन. सासवडला दुपारचे चार. “अजून डोंगरावरच का गं? कायदा नाही का तुमच्याकडे?”

कायदा आहे, आई. १९५४ पासून आहे. तरी २०१३ मध्ये अख्ख्या इंग्लंडात हेन हॅरियरच्या एकाही घरट्यातून पिल्लू उडालं नाही. जागा मात्र तीनशेहून अधिक जोड्यांना पुरेल एवढी आहे. २०१९ मध्ये, उपग्रहाचं यंत्र बसवलेल्या ५८ हॅरियरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले ७२ टक्के बेकायदा मारले गेले किंवा मारले गेले असण्याची दाट शक्यता आहे, असा त्याचा निष्कर्ष. ग्राउजच्या डोंगरावर हॅरियर मरण्याची किंवा गायब होण्याची शक्यता दहापट.

याच बोलंडमध्ये जन्मलेल्या एका मादीचं नाव बेटी होतं. २०१२ च्या उन्हाळ्यात ती यॉर्कशरमध्ये मेलेली सापडली. मोडलेल्या पायाच्या हाडात शिशाचा कण होता. मोडलेली हाडं मी रोज बघते. पाय मोडलेला पक्षी लगेच मरत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

आईला एवढंच म्हटलं, “कायदा आहे, पण डोंगरावर रात्री पोलीस नसतो.”

दुपारी

पाऊस. धुकं उतरलं, तीन तास काही दिसलं नाही. वहीत तीन तास कोरे.

५:१०

धुकं फाटलं. नर दिसेना. साडेपाच. पावणेसहा. मादी स्वतःच उठून एक घिरटी घालून परत बसली. या पाऊण तासात मी काय काय ठरवलं ते सांगत नाही.

५:५६ ला दक्षिणेकडच्या खांद्यावरून तो आला, पायात तीरचिमणी. माझे हात थरथरत होते, त्यामुळे नोंद वेडीवाकडी झाली आहे.

८:३०

ऊन तिरपं झालंय. आता मनात जे आहे ते सरळ लिहिते. २०२३ च्या गणनेत युनायटेड किंगडम आणि आइल ऑफ मॅन मिळून ६९१ जोड्या निघाल्या, इंग्लंडमध्ये ५०. वाढ खरी आहे, पण तीनशेच्या जागेत पन्नास म्हणजे पक्षी सावरला असं म्हणता येत नाही. स्कॉटलंडनं २०२४ च्या कायद्यानं ग्राउजच्या शिकारीला परवाना लावला. पक्षी मारल्याचं दिसलं तर परवाना जाऊ शकतो, म्हणजे जाब फक्त राखणदाराला नाही, मालकालाही. इंग्लंडला हेच हवं. सकाळच्या त्या माणसाचं घर वाचवायचं असेल तरीसुद्धा हेच हवं.

ब्रिटनमध्ये मतदान करणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे, आपल्या खासदाराला या परवान्याबद्दल एक पत्र लिहा.

९:४०

आजोबा चढून आले. वही त्यांच्या हाती दिली. दिवसाच्या खेपा अकरा. नर शेवटचा दिसला ९:१२ ला. मादी घरट्यावर. पिल्लं दिसली नाहीत.