अंडाशय किती साथ देईल? : चाचण्यांचा अर्थ

लग्नाला चार-पाच वर्षे होऊनही पाळणा हलला नाही की आपल्याकडे सगळी बोटे सुनेकडे वळतात. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सर्वांत स्वस्त व सोपी. पण ती होते सर्वांत शेवटी! असो. टेस्ट ट्यूब बेबी केंद्राची पायरी चढेपर्यंत अनेकांनी कर्ज काढलेले असते, एखादा दागिना मोडलेला असतो. तेथे डॉक्टर प्रथम एक अंदाज बांधतात : इंजेक्शने दिल्यावर या भगिनीच्या अंडाशयांत किती स्त्रीबीजे तयार होतील?

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्मताना दहा ते वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख उरतात. दर महिन्याला बीजांची एक तुकडी वाढू लागते. त्यातले बहुधा एकच पिकते, बाकीची जिरून जातात. एफ.एस.एच. या हार्मोनची इंजेक्शने ही जिरणारी बीजेच वाढवतात. म्हणजे तुकडी केवढी आहे हे कळले की अंदाज आला.

त्यासाठी पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सोनोग्राफी करून २ ते १० मिलिमीटरच्या पुटिका मोजतात. दुसरा मार्ग रक्तातील ए.एम.एच. तपासण्याचा. हे हार्मोन त्या लहान पुटिकांमध्येच तयार होते आणि ते पाळीच्या कोणत्याही दिवशी तपासता येते. २०११ साली युरोपातील तज्ज्ञांनी बोलोन्या येथील निकष प्रसिद्ध केले. त्यांत पुटिका ५ ते ७ पेक्षा कमी, किंवा ए.एम.एच. दर मिलिलिटरला ०.५ ते १.१ नॅनोग्रॅमपेक्षा कमी, ही क्षीण प्रतिसादाची खूण मानली आहे.

उलट धोकाही ध्यानात घ्यावा. पी.सी.ओ. असलेल्या स्त्रीच्या पुटिका पुष्कळ असतात. तिला डोस जास्त झाला तर अंडाशय सुजतात, पोटात पाणी साठते, रक्त घट्ट होऊन गुठळी होऊ शकते. क्वचित जिवावर बेतते. अंदाजाचा खरा उपयोग मला येथेच दिसतो. २०१७ साली नेदरलँड्समधील दीड हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, पुटिका मोजून डोस कमी-जास्त केल्याने मूल होण्याचे प्रमाण वाढले नाही. मात्र जास्त प्रतिसादाची शक्यता असलेल्यांना डोस कमी दिल्यावर हा त्रास कमी झाला. तेव्हा ‘बीजे कमी आहेत, महागडी इंजेक्शने वाढवू’ असे कोणी म्हणाले तर का, ते जरूर विचारावे.

हे आकडे बीजांची संख्या सांगतात, प्रत नव्हे. प्रत मुख्यतः वयावर ठरते. २०१७ मध्येच अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांपैकी ए.एम.एच. कमी असलेल्यांनाही नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांइतकीच आढळली. हा कागद दाखवून कुणी सुनेला वांझ ठरवू लागला, तर त्याला हे ऐकवावे.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ए.एम.एच. कमी येऊ शकते. डॉक्टरांना आधीच सांगावे. अंडाशयातील चॉकलेट सिस्टच्या शस्त्रक्रियेनेही बीजांचा साठा घटतो, म्हणून मूल हवे असल्यास ऑपरेशनपूर्वी ही तपासणी करून घ्यावी.