लीकेज वरचं, खर्च कुणाचा?

रविवारी सकाळी निवांत झोपायचा तुमचा बेत असतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडतो : 'टेरेस वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचं प्लास्टर. प्रत्येक फ्लॅटमागे ८०,००० रुपये. मीटिंग अकरा वाजता.' झालं! संडे मूडचे बारा वाजलेच म्हणून समजा.

मीटिंगमधले डायलॉग ठरलेले. तळमजल्यावरचे काका, "टेरेस गळते वरच्यांच्या डोक्यावर, मी का पैसे देऊ?" टॉप फ्लोअरच्या काकू, "चार पावसाळे घरात बादल्या लावतेय!" दुबईला गेलेल्या फ्लॅटमालकाचा फोनच लागत नाही. आणि तुम्ही? मनातल्या मनात ईएमआय मोजत कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प.

गंमत म्हणजे या भांडणातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं सोसायटीच्या कपाटातच असतात. महाराष्ट्रातल्या को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायट्यांसाठी आदर्श उपविधी, म्हणजे मॉडेल बायलॉज आहेत. त्यानुसार टेरेस, जिने, पाण्याच्या टाक्या, बाहेरचे पाइप, ड्रेनेज, कंपाउंड वॉल यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. टेरेसमधून पाणी झिरपून वरच्या मजल्याचं सीलिंग खराब झालं, तर तेही सोसायटीचंच काम. थोडक्यात, काकूंच्या बादल्या हा सगळ्या बिल्डिंगचा प्रॉब्लेम आहे. पण वरच्या फ्लॅटच्या टॉयलेट किंवा सिंकमधून गळत असेल, तर खर्च त्या फ्लॅटवाल्याचा. लिफ्टच्या देखभालीचा खर्च मात्र सगळ्यांना समान, तुम्ही ती वापरा किंवा नका वापरू. सॉरी, काका!

मग दर महिन्याला मेंटेनन्स भरूनही एकदम एवढा मोठा आकडा का येतो? खरी मेख इथेच आहे. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. बांधकाम खर्च म्हणजे तुम्ही फ्लॅटला मोजलेली किंमत नव्हे, त्यात जमिनीची किंमत धरत नाहीत. समजा, जुन्या बिल्डिंगमधल्या एका फ्लॅटचा बांधकाम खर्च २ लाख होता. मग दुरुस्ती निधी वर्षाला १,५०० रुपये, सिंकिंग फंड ५००. वीस वर्षांत मिळून ४०,०००, त्यातलेही बरेचसे किरकोळ दुरुस्तीत संपलेले. हे दर किमान आहेत. दुरुस्ती निधीचा दर वाढवायचा अधिकार जनरल बॉडीला असतो. पण दर एजीएमला 'मेंटेनन्स वाढवू नका' यावर मात्र सगळ्यांचं एकमत! मग वीस वर्षं वाचवलेले पैसे एकदम मागितले जातात.

बरं, हा फक्त पैशांचा मामला नाही. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं दर ५ वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर फेरफार करताना मूळ बांधकामाला धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. एका मजल्याचं काम सगळ्या मजल्यांच्या जिवाशी येऊ शकतं, ते असं.

'काम पटलं नाही, मेंटेनन्स बंद!' हा फंडा मात्र अंगाशी येतो. थकबाकीसाठी सोसायटी उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवू शकते. थकबाकीदाराला कमिटीवर बसता येत नाही, ते वेगळंच. हरकत असेल तर लेखी द्या, कोटेशनं बघायला मागा, विरोध मिनिट्समध्ये नोंदवून घ्या. तरीही नाहीच जमलं, तर सहकार न्यायालय आहे. भाड्याने राहत असाल तर सोसायटी पैसे मागणार घरमालकाकडे. पण लीव्ह-लायसन्सच्या करारात काय लिहिलंय तेही एकदा वाचून ठेवा.

आणि हो, पुढच्या एजीएमला जाच. फुकटच्या समोशासाठी नव्हे, 'सिंकिंग फंडात किती पैसे आहेत?' एवढा एकच प्रश्न विचारायला. कमिटीवाले आधी तुमच्याकडे चमकून बघतील. पण आकडा कळला की पुढचा पावसाळा कोणाच्या खिशाला किती पडणार, याचा अंदाज आत्ताच येईल.