भिवापूरची मिरची आणि न लागलेली आग

हंगामात भिवापुरात बाहेरगावचा माणूस ओळखायचा, तर शिंका कोण देतंय ते पाहावं. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात, लाल मिरचीचे ढीग पसरलेले असतात आणि तोंडाला पदर गुंडाळून बाया ओळीनं देठं खुडत असतात. संध्याकाळी हातांची नुसती आग आग. पाण्यानं ती हटत नाही, कारण मिरचीतला तिखट द्रव्याचा अंश पाण्यात विरघळतच नाही. तो तेलात, तुपात विरघळतो. तेल चोळणं हा उपाय म्हणूनच अगदी शास्त्रशुद्ध आहे.

या द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. ते बियांत असतं असं आपण सगळेच समजतो, पण ते तयार होतं बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरात. बियांना फक्त त्याचा हात लागलेला असतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या भिवापुरी मिरचीचा ठसका येतो तोही तिथूनच.

खरी गंमत पुढे आहे. त्या हातांना थर्मामीटर लावला, तर भाजण्याइतकी उष्णता कुठंच सापडणार नाही. मग आग कसली? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही१ नावाचं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ते उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि मेंदूला वर्दी जाते: भाजतंय! कॅप्सेसिन हेच दार थंडपणे उघडतं. मेंदू बिचारा खरं मानतो, घाम फोडतो, नाकाडोळ्यांतून पाणी काढतो. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूनं हे प्रथिन शोधलं ते मिरचीच्याच मदतीनं, आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. पक्ष्यांच्या या प्रथिनाला मात्र कॅप्सेसिनचा पत्ताच लागत नाही. ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर टाकून येतात. बिया चावून बाद करणारे आपल्यासारखे सस्तन प्राणीच तेवढे हाकलले जातात.

आता निसर्गोपचाराकडे येऊ, कारण तिथं मिरचीला मज्जाव आहे. गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ लिहायला घेतली, त्यात मसाल्यांना फारसं स्थान नाही. १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. माती, पाणी, ऊन, हवा आणि साधा आहार एवढंच तिथलं औषध; पुढे मणिभाई देसाईंनी तो सांभाळला. पोटाला विसावा देण्याचा हा विचार मला पटतो. सावजी रस्सा ओरपल्यावर तर फारच पटतो! पण ज्या मिरचीला निसर्गोपचारानं ताटाबाहेर ठेवलं, तिलाच आधुनिक औषधशास्त्रानं दुखण्यावरचं औषध म्हणून दवाखान्यात बसवलं. शिवाय ‘आजीबाईच्या बटव्यातली’ म्हणावी, तर ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिका खंडाकडून आलेली. आयुर्वेदाच्या त्रिकटूत सुंठ, मिरी, पिंपळी आहेत, मिरची नाही.

मग मिरची दुखणं थांबवते तरी कशी? तेच दार वारंवार उघडत राहिलं की मज्जातंतू थकतो, वर्दी देईनासा होतो. रोज तिखट खाणाऱ्याला ठेचा गोड लागतो, त्यामागेही बरंचसं हेच कारण. संधिवातासाठी मिळणाऱ्या मलमांत कॅप्सेसिन जेमतेम ०.०२५ ते ०.०७५ टक्के असतं. ते दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे नेमानं लावावं लागतं. पहिले काही दिवस चुरचुरतं आणि तिथंच बरेच जण डबी फेकून देतात. पण म्हणून कुणी घरचा ठेचाच गुडघ्याला बांधू नये: त्यात कॅप्सेसिन किती, हे मिरचीगणिक बदलतं, आणि कातडीला फोड आले तर दुखणं दुप्पट.

नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने ठणकत राहते, त्या वेदनेसाठी ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी असते. ती डॉक्टर किंवा परिचारिका हातमोजे घालून लावतात आणि साधारण तासाभरानं काढतात. तेवढ्यानं मज्जातंतूंची कातडीतली टोकं मागं सरतात आणि अनेकांना सुमारे तीन महिने आराम पडतो. मग टोकं पुन्हा वाढतात. दुखणं परतलं, तर पट्टीही पुन्हा लावता येते.