बीपी ठीक आहे, पण रक्त पोचते आहे का?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून गंभीर रुग्ण येतात. घाटी असो वा दुसरे कोणतेही रुग्णालय, आयसीयूबाहेर थांबलेले नातेवाईक आधी विचारतात, "बीपी किती आहे?" प्रश्न रास्त आहे, पण पुरेसा नाही.

बीपी मोठ्या धमन्यांतला दाब सांगतो. पेशींना प्राणवायू मिळतो तो मात्र केशवाहिन्यांत. त्यांची रुंदी साधारण 5 ते 10 मायक्रॉन आणि तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची, म्हणजे पेशींना बहुधा एकेकटीने, अंग आकसूनच पुढे जावे लागते. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीराची घडी विस्कटते तेव्हा, काही केशवाहिन्या बंद पडतात आणि शेजारच्याच भरभर वाहत राहतात. सलाईन आणि औषधांनी मॉनिटरवरचा आकडा सुधारतो, तरी आतल्या पेशी उपाशीच राहू शकतात.

ब्रसेल्सचे डॉ. डॅनियल डी बॅकर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये सेप्सिसच्या रुग्णांच्या जिभेखाली हाच बिघाड दाखवून दिला. तिथली त्वचा पातळ असल्याने हातात धरायच्या छोट्या कॅमेऱ्यात रक्तप्रवाह थेट दिसतो. पण कॅमेरा जरा जास्त दाबला गेला की त्या दाबानेच प्रवाह थांबतो आणि नसलेला आजार दिसतो. लाळ आणि रुग्णाची हालचाल चित्र बिघडवतात. एका जागेवर भिस्त ठेवता येत नाही, तीन ते पाच जागा पाहाव्या लागतात. म्हणून हे साधन आजही मुख्यतः संशोधनातच आहे.

मला जास्त आशा वाटते ती बोट दाबून पाहण्याच्या जुन्या तपासणीबद्दल. 'कॅपिलरी रिफिल' म्हणतात तिला. 2019 मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या 5 देशांत 424 रुग्णांवर झालेल्या 'अँड्रोमेडा-शॉक' अभ्यासात तिची पद्धत पक्की ठरवलेली होती: उजव्या तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या आतल्या बाजूवर काचपट्टी त्वचा पांढरी पडेपर्यंत दाबायची, 10 सेकंद तशीच धरायची, सोडायची आणि रंग परतायला लागणारा वेळ मोजायचा. 3 सेकंदांपेक्षा जास्त लागला तर तो बिघाड. या वेळेवर नजर ठेवून उपचार केलेल्या गटात 28 दिवसांत 34.9 टक्के रुग्ण दगावले, तर रक्तातल्या लॅक्टेट या घटकाच्या प्रमाणावर विसंबलेल्या गटात 43.4 टक्के. फरक मोठा दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो थोडक्यासाठी उतरला नाही, हेही सांगायला हवे.

ही तपासणी फसते कुठे? घाईघाईने नख दाबून अंदाजे सेकंद मोजले, तर दोन डॉक्टरांची दोन उत्तरे येतात. एसीने बोटे गार पडली की वेळ वाढतो. वयानेही वाढतो: 1988 च्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांमध्ये तो 4.5 सेकंदांपर्यंत गेला होता. सावळ्या त्वचेवर रंगातला बदल टिपणे अवघड, आणि गुडघ्याभोवती उमटणारी जांभळट जाळी, जी आणखी एक खूण मानली जाते, ती तर सहज निसटते. आपल्याकडे हे विसरून चालणारच नाही. उजेड भरपूर हवा, घड्याळ सेकंदकाट्याचे हवे आणि दर वेळी बोट तेच हवे.

एका वेळच्या आकड्यापेक्षा तो सुधारतो आहे की बिघडतो आहे, ते महत्त्वाचे. सोबत लॅक्टेट, लघवीचे प्रमाण आणि शुद्ध यांचाही मेळ घालावा लागतो. तेव्हा आयसीयूच्या दाराशी डॉक्टर भेटले, की बीपीबरोबर एवढेही विचारा: "हातपाय गरम आहेत का? लघवी किती झाली? सकाळपेक्षा फरक आहे का?"