शेवटच्या घराचे पाणी आणि संगणकाचा हिशेब

अकोले तालुक्यात डोंगरउतारावरच्या एका वाडीत पाहुणा म्हणून गेलो होतो. नळाला पाणी सुटले. टाकीजवळच्या घरी हंडा भरून वाहू लागला आणि टोकाच्या घरची बाई तोटीखाली तांब्या धरून बसलेली. "गुरुजी, पाईप तर सगळ्यांचा एकच हाय ना?" तिने विचारले. मी गणिताचा एम. ए., पण उभ्या उभ्या काही मला उत्तर देता आले नाही.

पाईप एकच खरा, पण त्याला फाटे फुटतात. पाणी नळाच्या अंगाला घासत जाते आणि त्या घासण्यात त्याचा जोर खर्च होतो. समजा, एका फाट्यावर दोनशे माणसे आहेत. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर धरले, म्हणजे 11,000 लिटर झाले. ते तीन तासांत सोडायचे तर सेकंदाला सुमारे एक लिटर हवे. फाटा एक किलोमीटर लांब आणि आतून 50 मिलिमीटर रुंद असेल, तर घासण्यात साधारण 7 मीटर उंचीचा जोर जातो. टाकी 15 मीटर उंच असली म्हणजे 8 मीटर उरतात, काम भागते. पण पैसे वाचवायला 40 मिलिमीटरचा पाईप घातला की तोच खर्च 20 मीटर होतो! टाकीत तेवढा जोर नाहीच. मग वरची घरे आपला वाटा घेतात आणि शेवटच्या तोटीला ठिबक उरते. एकदा पुरलेला पाईप कोण उकरणार?

एका फाट्याचा हिशेब कागदावर होतो. वीस फाटे झाले की संगणक हवा, आणि कोणती आज्ञावली घ्यायची हा प्रश्न येतो. आधी आपण काय विचारतो आहोत ते ठरवा. पाईप अजून घ्यायचे असतील, कोणत्या फाट्याला कोणता व्यास घातला म्हणजे कमी खर्चात सर्वांना पुरेसा दाब मिळेल, असा प्रश्न असेल, तर मुंबईच्या आय. आय. टी. ने तयार केलेले 'जलतंत्र' पाहावे. बाजारातले व्यास आणि त्यांचे भाव त्याला सांगितले की ते निवड करून देते. फाटे फुटत जाणाऱ्या, पण पुन्हा एकमेकांना न मिळणाऱ्या जाळ्यासाठी ते मुळात तयार झाले. आपल्या वाड्यांच्या योजना बहुधा अशाच असतात.

पाईप पुरलेले असतील तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे 'इपानेट' घ्या. ते 1993 पासून आहे आणि फुकट मिळते. व्यास ते निवडत नाही; आहे त्या जाळ्यात कोठे किती दाब राहील ते सांगते. एक खोच मात्र ध्यानात ठेवा. साध्या हिशेबात ते प्रत्येक घराला मागितले तेवढे पाणी मिळाले असेच धरून चालते, आणि न जमल्यास उणे दाब दाखवते. उणे दाब दिसला की 'इथे पाणी पोचत नाही' असे वाचावे. 2020 च्या 2.2 आवृत्तीत दाबाप्रमाणे पाणी कमी करून दाखवण्याची सोय आली. ती निवडावी, म्हणजे टोकाच्या घराचे खरे चित्र दिसते.

'ओपनफोम'सारखी भारी प्रणालीही फुकट आहे. जोडाच्या आतले भोवरेसुद्धा ती रंगीत चित्रात दाखवते. मुलांना ती चित्रे फार आवडतात (मलाही!). आखूड नळाला जवळजवळ दहा तोंडे असतील, तर पाणी वाटण्यात त्या भोवऱ्यांचा वाटा मोठा असतो आणि तेथे ती लागते. किलोमीटरभर पाईपात जोडाचा खर्च लांबीपुढे किरकोळ. तिथे ही प्रणाली चालवणे म्हणजे लिंबू कापायला कोयता.

यांतले काहीही घ्या, त्याला लांबी, व्यास, माणसे आणि उंची आपणच पुरवायची आहे. घोटाळा होतो तो उंचीत. मोबाईलवरची उंची कित्येक मीटरांनी चुकू शकते, आणि आपल्यापाशी सगळे मिळून 15 मीटर! निजामशाहीत कापूरवाडीकडून नगर शहरात खापरी नळांनी पाणी आणले, तेही उतार साधल्यावाचून आले नसेल. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन पट्ट्या एवढ्यावर शाळेतली वरच्या वर्गातली मुले दोन-तीन सकाळींत फाट्याची उंची मोजू शकतात. मास्तरांनी सुरुवात टाकीपासून करावी आणि टोकाच्या घराच्या तोटीपर्यंत जावे.